सोफ्यावरची मधली जागा

सोफावाल्याच्या दुकानात विकायला न ठेवलेला एकच सोफा होता, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक नेमकं त्याचीच किंमत विचारायचं. गडद लाल, तिघांना पुरेल एवढा, हाताशी लाकडी गोल मुठी. फार पूर्वी एका हौशी माणसाने तो करायला सांगितला होता आणि मग तो माणूस जो गायब झाला तो झालाच. "हा विकायचा नाही का?" असं कुणी विचारलं की सोफावाला तोंडातले खिळे गालात सरकवून म्हणायचा, "नाही हो. त्यावर माणसं आहेत." गिऱ्हाईक रिकाम्या सोफ्याकडे बघायचं, मग सोफावाल्याकडे बघायचं आणि दुसऱ्या दुकानात जायचं.

पण तो खोटं बोलत नव्हता. संध्याकाळ झाली की सोफा भरायचाच. डाव्या टोकाला बसचा कंडक्टर, उजव्या टोकाला घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी, आणि दोघांच्या मधे खुद्द सोफावाला. समोर स्टुलावर दवाखान्यातला कंपाउंडर, बशीत चहा ओतून फुंकत. चौघं लहानपणापासूनचे मित्र. मित्र म्हणायचं आपलं. त्यातल्या दोघांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं. कंडक्टरने आपलं मनगटी घड्याळ घड्याळजीकडे दुरुस्तीला दिलं. घड्याळजीने ते उघडलं, पुसलं, बंद केलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "आता हे मरेपर्यंत चुकायचं नाही." दुसऱ्याच दिवशी घड्याळजी मेहुण्याकडे जेवायला म्हणून नवा शर्ट घालून बसथांब्यावर पोचला, तर बस समोरून निघून चाललेली. दारात कंडक्टर उभा, आणि मनगटाकडे बोट दाखवतोय! बस चार मिनिटं आधी सुटली होती. कंडक्टरचं म्हणणं, घड्याळ तू दुरुस्त केलंस, तेव्हा चूक तुझी. घड्याळजीचं म्हणणं, घड्याळ बरोबर होतं, बघणारा आंधळा. मेहुण्याचं जेवण निवलं आणि यांचं भांडण तापलं, ते अजून गार व्हायला तयार नव्हतं.

बोलणं बंद म्हणजे तरी काय? दोघं तासन्‌तास बोलायचे, फक्त एकमेकांशी नाही. सगळं सोफावाल्यामार्फत.

"त्याला सांग, पाय आवर म्हणावं," कंडक्टर म्हणायचा.

"तो म्हणतोय, पाय आवर," सोफावाला सांगायचा.

"त्याला म्हणावं, पाय माझे आहेत, त्याच्या बापाचे नाहीत."

"तो म्हणतोय, पाय त्याचे आहेत."

बघा, बाप मधल्यामधे गाळला! हीच सोफावाल्याची खुबी. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले, दोघांचे कान धडधाकट, एकमेकांचं अक्षर न्‌ अक्षर ऐकू येतंय. पण मधून निरोप आल्याशिवाय ऐकलं असं धरायचं नाही, हा नियम. आणि निरोप येताना त्यातली शिवी, टोमणा, खवचटपणा सगळं झडून यायचं. वर्षानुवर्षं तोंडात खिळे धरून बोलल्यामुळे सोफावाल्याचा आवाजही एकसुरी, संथ आणि थोडा नाकातला झाला होता. कंपाउंडरने त्याचं नावच 'टेलिफोन एक्सचेंज' पाडलं होतं. एवढं वैर होतं तर दोघं रोज यायचे कशाला, असं तुम्ही विचाराल. तर जो यायचा थांबेल तो हरला, हे एक. आणि दुसरं म्हणजे दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं. पण हे तोंडाने कोण कबूल करणार?

दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा, आणि पडद्याआड सोफावाल्याची बायको शिलाई मशीनवर खोळी शिवत बसायची. मधूनच तिचा आवाज यायचा, "अहो, त्या दोघांना सांगा, आता आपापल्या घरी जा म्हणावं!"

"ती म्हणतेय, घरी जा," सोफावाला सांगायचा. कुणीही हलायचं नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सुरुवातीला नातेवाईक विचारायचे, मग कुजबुजायचे, मग तेही कंटाळले. दोघांनी तो विषय जुन्या कपड्यांसारखा गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकला होता. सोफावाला पंचेचाळिशीला आला होता आणि त्याच्या कानाशी पांढरे केस दिसायला लागले होते.

आणि एका दुपारी बायको गळ्यात टेप तशीच अडकवून पडद्याबाहेर आली.

"अहो, आधी तोंडातले खिळे काढा."

"का?"

"काढा म्हणते ना. गिळून बसाल."

त्याने एकेक खिळा काढून तळहातावर ठेवला. तिने सांगितलं. 

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं. त्याच्या जगात कुठलीही गोष्ट कुणीतरी कुणालातरी सांगायला सांगितलेली असायची.

"डॉक्टरीणबाईंनी."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"अरे देवा! माझ्या पोटात आहे हो! मीच सांगतेय, मी!"

त्यानंतर त्याने त्या दिवशी एका खुर्चीला पाठीच्या जागी बैठक आणि बैठकीच्या जागी पाठ ठोकली. आनंद झालाच होता, झाला नव्हता असं नाही. पण भीतीही वाटत होती. चहा पिताना तो हळूच म्हणाला, "अगं, पण मला बोलायला कुठं येतं? पोराशी मी बोलणार काय? मला आपलं दुसऱ्याचं सांगता येतं."

"बापाला काय भाषण करायचं असतं?" बायको म्हणाली. त्याला ते पटलं नाही.

संध्याकाळी बातमी फुटली. कंडक्टर ताडकन उभा राहिला आणि बसमधल्या आवाजात ओरडला, "त्याला विचार, त्याने ऐकलं का?"

"तो विचारतोय, ऐकलंस का?"

"त्याला म्हणावं, त्याच्याआधी ऐकलं!"

आणि दोघांनी एकदमच सोफावाल्याला मिठी मारली, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून, एकमेकांच्या हाताला हात लागू न देता. मधे सोफावाल्याचा जीव गुदमरला. कंपाउंडर तेवढ्यात या वयात काय काय होऊ शकतं त्याची यादी सांगायला लागला, तेव्हा पडद्याआडून मोठी कात्री ठेवल्याचा आवाज आला आणि त्याची यादी तिथेच संपली.

बायको पुढचे कितीतरी महिने मशीनवर बसत राहिली. घरी एकटी काय करू, म्हणायची. आणि एक गंमत सगळ्यांच्या लक्षात आली. पोटातलं पोर दिवसभर लाथा मारायचं, आईला नको जीव करायचं. पण संध्याकाळी ही मंडळी जमली आणि 'त्याला सांग, तो म्हणतोय' सुरू झालं की एकदम चिडीचूप.

"घाबरतंय बिचारं," कंपाउंडर म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. इतकं पटलं की कंडक्टर आणि घड्याळजी खाली मान घालून बसले.

मुलगी झाली, सगळ्यांची छकुली. काळ्या कुळकुळीत जावळाची, मुठी आवळलेली आणि फुफ्फुसं अशी की कंडक्टरनेही टोपी काढावी. बाळंतिणीची काळजी घ्यायला सोफावाल्याची मोठी बहीण आली. अक्काची हयात वाचनालयात गेली होती. तिच्यासमोर पान उलटायची सुद्धा लोकांना भीती वाटायची. निवृत्त होताना तिने तिथली 'शांतता राखा' ही पाटी आठवण म्हणून मागून घेतली होती. ती पाटी तिने पिशवीतून काढली आणि पाळण्याच्या वर ठोकायला लावली.

"पोटात असताना पोर त्या टोळभैरवांना घाबरायचं म्हणे," अक्का म्हणाली. "आता या घरात टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे. तुझ्या त्या मित्रांनी उंबरठा ओलांडला तर माझ्याशी गाठ आहे. आणि तू पण हळू बोल."

सोफावाला कामाला लागला. त्याने दारांच्या कडांना फोम लावला. कपाटाच्या दाराला लावला. खुर्च्यांच्या पायांना रेक्झिनचे मोजे शिवले. बाहेरच्या घंटीच्या लोलकाला कापूस गुंडाळला, तेव्हापासून दूधवाला दारात उभा राहून राहून परत जायला लागला. सगळं घर त्याने सोफ्यासारखं मढवून काढलं. त्या मऊ, मुक्या घरात एकच आवाज उरला, आणि तो म्हणजे छकुलीच्या रडण्याचा.

ती आईकडे रडायची, पण दूध मिळालं की थांबायची. अक्काकडे रडायची, पण दमून झोपायची. बापाच्या हातात आली की मात्र आकाशपाताळ एक करायची. तो तिला उचलायचा, छातीशी धरायचा, आणि मांजराच्या पिल्लाला ऐकू जाईल न जाईल अशा बारीक, चिरक्या आवाजात कुजबुजायचा, "ओ ओ ओ, माझं सोनुलं ते, नाही नाही नाही." छकुली डोळे उघडून या अनोळखी इसमाकडे बघायची आणि पुन्हा टाहो फोडायची. दिवस गेले, आठवडे गेले. सोफावाल्याला आता जगात दुसरं काही नको होतं. फक्त एकदा, एकदाच तिने आपल्या हातात शांत व्हावं.

"तिला मी नकोय," तो एकदा बायकोला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "एवढ्या उशिरा आलेला बाप कुणाला हवा असतो?"

"काहीतरीच काय बोलता!" बायको म्हणाली, पण ती स्वतः इतकी थकली होती की पुढचं बोलण्याआधी तिला झोप लागली.

इकडे सोफ्यावरचं काय झालं ते ऐका. सोफावाला दुपारी चार ठोके ठोकून, दुकान मित्रांवर टाकून घरी पळायचा, मधली जागा रिकामी. एक्सचेंज बंद! पहिले काही दिवस कंडक्टर आणि घड्याळजी दोन टोकांना पुतळ्यासारखे बसले. मग कंपाउंडर म्हणाला, "मी कशाला आहे?" आणि स्टुलावरून उठून ऐटीत मधे जाऊन बसला.

त्याला ते झेपणारं नव्हतंच. कंपाउंडरला साधी खोकल्याची बाटली देतानाही गोष्ट रंगवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"त्याला सांग, पंखा जरा इकडे कर म्हणावं," कंडक्टर म्हणाला.

"तो म्हणतोय," कंपाउंडर घड्याळजीला म्हणाला, "जन्मभर काट्यांकडे बघून तुझं डोकंही गोल गोल फिरतंय, तेव्हा पंख्याची तुला गरज नाही."

"मी असं म्हणालोच नाही!" कंडक्टर ओरडला.

"मला माहितेय तू म्हणाला नाहीस! मी काय बहिरा आहे?" घड्याळजीही ओरडला.

आणि दुकानात एकदम शांतता पसरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघं थेट बोलले होते! दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. चोरी करताना पकडल्यासारखं तोंड करून दोघांनी माना फिरवल्या. हे वाक्य धरायचं की नाही धरायचं? बोलणं झालं की नाही झालं? आणि झालं असेल तर आधी कोण बोललं, म्हणजे हरलं कोण? याचा निकाल एकच माणूस देऊ शकत होता.

म्हणून पुढच्या सुट्टीच्या दुपारी तिघं सोफावाल्याच्या दारात उभे राहिले. घंटी वाजेना, तेव्हा कंडक्टरने सवयीने दारावर दोन थापा मारल्या. थापा फोममधे जिरल्या. शेवटी दार ढकलून तिघं चवड्यांवर आत आले.

आत कल्लोळ चालला होता. अक्का स्वयंपाकघरात कानात कापूस घालून बसली होती. बायको आतल्या खोलीत आडवी झाली होती. आणि सोफावाला पलंगाच्या कडेला बसून लालबुंद झालेल्या, हातपाय झाडणाऱ्या छकुलीला हातात धरून त्या चिरक्या आवाजात "ओ ओ ओ" करत होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. मित्रांना बघून त्याने नुसती मान हलवली. त्यांना हाकलायला त्याच्यात त्राणच नव्हतं.

कंडक्टर त्याच्या डावीकडे बसला, घड्याळजी उजवीकडे. सवयच ती! कंपाउंडर खाली जमिनीवर.

"त्याला सांग," कंडक्टर शक्य तितक्या हळू म्हणाला, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढंच, "परवाचं बोलणं धरायचं नाही म्हणावं. तो कंपाउंडरमुळे झालेला अपघात होता."

सोफावाला इतका दमला होता की तोंडातून आपोआप बाहेर पडलं. कुजबुज नाही, ओ ओ नाही. त्याचा रोजचा, संथ, नाकातला, एकसुरी आवाज.

"तो म्हणतोय, परवाचं धरायचं नाही."

छकुली थांबली.

अशी थांबली की जणू कुणी बटण बंद केलं. तोंड उघडं, हुंदका अर्धा. डोळे मोठे करून ती कान देऊन राहिली.

"अरेच्चा!" कंपाउंडर म्हणाला.

क्षणभराने छकुलीने खालचा ओठ बाहेर काढला आणि पुन्हा भोंगा लावायची तयारी केली.

"माझा आवाज आवडला तिला!" कंडक्टरची छाती फुगली. "चला पुढे सरका, पुढे सरका!" तो खणखणीत ओरडला. छकुली किंचाळली.

"त्या गाढवाला सांग, ते माझ्या घड्याळामुळे," घड्याळजी म्हणाला आणि त्याने मनगट तिच्या कानाशी धरलं. ती आणखी किंचाळली. कंपाउंडरने आपल्या परीने गाणं म्हणून पाहिलं, त्याचं काय झालं ते न सांगितलेलं बरं. गोंधळ ऐकून अक्का पळी घेऊन दारात आली. आणि तिच्या मागून, विस्कटलेल्या केसांनी, बायको.

"अहो!" बायको ओरडली. शांततेच्या पाटीखाली उभी राहून चांगली ओरडली. "तुम्ही मघाशी काय बोललात? पुन्हा बोला!"

"कोण, मी? मी कुठं काय बोललो? हाच म्हणाला, की परवाचं..."

छकुली थांबली.

"तुमचा आवाज आहे तो!" बायको एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. "अहो, पोटात असल्यापासून रोज संध्याकाळी ती तुम्हालाच ऐकत होती! घाबरत कुठली! ऐकत होती! आणि जन्माला आल्यापासून तुम्ही हे मांजरासारखं काय कुजबुजताय? तिला कसं कळणार, हा माणूस कोण ते? ती तुम्हाला शोधतेय हो इतके दिवस!"

सोफावाल्याने छकुलीला आणखी जवळ घेतलं. अक्काने एकदा पाटीकडे पाहिलं, मग मुकाट्याने कानातला कापूस काढला.

"बोल ना रे," घड्याळजी म्हणाला. "बोलत राहा!"

"पण काय बोलू?" सोफावाला कासावीस झाला. हीच तर त्याची जन्मभराची अडचण होती. त्याचा आवाज होता, पण त्यातले शब्द नेहमी दुसऱ्याचे. छकुलीचा ओठ पुन्हा थरथरला.

मग मित्र धावून आले. कंडक्टर म्हणाला, "त्याला सांग, घड्याळ चार मिनिटं पुढे होतं!"

"तो म्हणतोय, घड्याळ चार मिनिटं पुढे होतं."

"त्याला म्हणावं, ते त्याने स्वतः पुढे केलं, लवकर घरी जाता यावं म्हणून!"

"तो म्हणतोय, ते तू पुढे केलंस."

छकुलीने एक मोठा उसासा टाकला आणि गाल बापाच्या छातीवर टेकला. दोघं जिवाच्या आकांताने भांडायला लागले. घड्याळ, बस, मेहुणा, नवा शर्ट, सोफ्यावरचे पाय, लहानपणी हरवलेला चेंडू, जे सापडेल ते काढलं. सोफावाला संथपणे एकेक निरोप पोचवत राहिला, आणि त्याच्या हातात पोरीच्या मुठी हळूहळू उघडत गेल्या.

पण भांडण तरी किती पुरणार? शेवटी कंडक्टरने डोकं खाजवलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "त्याला सांग, हो. मीच केलं होतं पुढे. त्या दिवशी आईला बरं नव्हतं."

"तो म्हणतोय, त्यानेच केलं होतं. आईला बरं नव्हतं."

घड्याळजीने मनगटावरचं घड्याळ काढलं, पुसलं, पुन्हा बांधलं. "त्याला म्हणावं," तो शेवटी म्हणाला, "मग तेव्हाच सांगायचं होतं. मेहुण्याकडचं जेवण तसंही काही खास नसतं."

"तो म्हणतोय, तेव्हाच सांगायचं होतंस."

झालं. भांडण संपलं. अकरा वर्षांचा साठा एका दुपारीत रिकामा! आता दोघांकडेही द्यायला निरोप उरला नाही. घरात शांतता पसरली आणि छकुलीच्या कपाळावर आठी उमटली. सोफावाल्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणाकडूनच काही येत नव्हतं. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला, आणि त्याच आपल्या निरोप्याच्या आवाजात म्हणाला,

"इथे एक माणूस आहे. तो म्हणतोय, की यायला त्याला जरा उशीर झाला."

छकुली ऐकत होती.

"तो म्हणतोय, की त्याला बोलता येत नाही फारसं. पण तो आता कुठे जाणार नाही." तो थांबला. तिच्या उघड्या मुठीत त्याने आपलं बोट दिलं. "मी म्हणतोय. मी तुझा बाबा."

छकुली झोपली. तोंड उघडं टाकून, बापाच्या सदऱ्यावर लाळ गाळत.

बायको भिंतीला टेकून उभी होती. अक्का पळीने डोळे पुसायला निघाली होती, वेळीच सावरली. डावीकडे कंडक्टर खांदे हलवत मुसमुसत होता. तो सोफावाल्याकडे झुकला आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजला, "त्याला सांग, रुमाल दे म्हणावं."

सोफावाल्याने ऐकलंच नाही. तो छकुलीकडे बघत होता. पण निरोपाची वाट न बघताच, त्याच्या पाठीमागून, घड्याळजीने रुमाल पुढे केला.